चार्जरला सेल दिसत नाही, तारांची टोकं दिसतात

मागच्या अंकात छंदी मंडळी वापरतात त्या प्रोग्रामेबल चार्जरचा ओझरता उल्लेख केला होता. चार बटणं, दोन ओळींचा निळा पडदा आणि शेजारी बॅलन्सच्या (पॅकमधला प्रत्येक सेल वेगळा मोजून सगळे सारखे करण्याच्या) पिनांची रांग, तोच तो बी६ धाटणीचा डबा. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत : सेल चार्ज होत नाही, सेल गेला का? नागपूरच्या बर्डीत माझं बॅटरी-पॅक दुरुस्तीचं टेबल आहे, तिथेही रोज हाच प्रश्न येतो. पुष्कळदा सेल ठणठणीत असतो. चार्जरला आपल्या तारांच्या टोकांवर किती व्होल्ट आहेत एवढंच कळतं, आणि सेल कोणत्या जातीचा ते तुम्ही सांगाल तेच तो खरं मानतो. हे मनात धरून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत.

प्रश्न : ताई, मी बर्डीतूनच १८६५० चे (टॉर्चमधले दंडगोल) नवे सेल आणि प्लास्टिकचा एका सेलचा होल्डर घेतला. सेल ३,००० एमएएचचा आहे. चार्जरवर लाय-आयओ मोड आणि १ अँपिअर लावतो. व्होल्टेज ४.१० पर्यंत जातं, पुढे सरकत नाही. दोन तासांनी चार्जर आपोआप थांबतो, तेव्हा आकडा १,८७० एमएएच असतो. सेल काढून मीटर लावला तर ३.९२ च दाखवतो. कधी कधी सुरुवातीलाच ‘कनेक्शन ब्रेक’ येतं. सेल नकली आहे की चार्जर बिघडला? दुकानदार म्हणतो चार्जर बदला. — त्रिमूर्तीनगर

काहीही बदलू नका. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत.

आधी ४.१० चं बघू. या धाटणीच्या बहुतेक चार्जरवर लाय-आयओ मोड म्हणजे सेलमागे ४.१ व्होल्टची मर्यादा, आणि लायपो (लिथियम पॉलिमर) मोड म्हणजे ४.२ ची. १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आले, त्या सुरुवातीच्या काळातल्या काही सेलना ४.१ हीच मर्यादा होती, तीच या मोडच्या नावाला चिकटून राहिली. आजचे बहुतेक १८६५० सेल ४.२ चे असतात. सेल बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात ४.२ लिहिलं असेल तर लायपो मोड वापरायला हरकत नाही. सेल दंडगोल आहे आणि मोडचं नाव पाऊचच्या, म्हणजे चपट्या पिशवीसारख्या, सेलचं आहे, म्हणून घाबरू नका. चार्ज करण्याची रीत दोघांची एकच आहे. पण ४.१ वर थांबलात तरी नुकसान नाही. क्षमता साधारण दहा टक्क्यांनी कमी मिळते आणि सेल जास्त वर्षं टिकतो. घरच्या टॉर्चसाठी मी स्वतः ४.१ च ठेवते.

आता दोन तासांचं. चार्जरच्या सेटिंगमध्ये सेफ्टी टायमर नावाची ओळ असते, आणि पुष्कळ चार्जरवर ती कारखान्यातूनच १२० मिनिटांवर लावलेली येते. १ अँपिअरने दोन तासांत फार तर २,००० एमएएच जातील. तुमचा सेल ३,००० चा. तो भरणार कसा? शिवाय शेवटचा टप्पा हळू असतो. व्होल्टेज मर्यादेला टेकलं की चार्जर व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी कमी करत नेतो, जशी आपण कळशी काठोकाठ भरताना नळाची धार बारीक करतो. करंट लावलेल्या आकड्याच्या साधारण दहाव्या भागावर आला की तो ‘पूर्ण’ म्हणतो. तुमच्या सेलला हे सगळं धरून साडेतीन ते चार तास लागतील. टायमर ३०० मिनिटांवर न्या. टायमर बंद करण्याचीही सोय असते, ती मात्र वापरू नका. त्याच्याच शेजारी कपॅसिटी कट-ऑफ आहे, तो ३,३०० ते ३,५०० च्या दरम्यान ठेवा. काही बिनसलं तर चार्जर तिथे थांबेल.

तिसरी गोष्ट होल्डरची, आणि माझा खरा रोख तिच्यावर आहे. चार्जर ४.१० दाखवतो ते त्याच्या बनाना पिनांपाशी, म्हणजे मुख्य तारा चार्जरमध्ये खोचतो तिथे. तिथून सेलपर्यंत क्लिप, बारीक वायर, होल्डरचा रिव्हेट आणि स्प्रिंग असा प्रवास आहे, आणि प्रत्येक सांधा थोडं व्होल्टेज खातो. हे डोळ्यांनी बघता येतं. चार्जिंग चालू असताना मल्टिमीटर आधी बनाना पिनांवर लावा, मग क्लिपांवर, मग होल्डरच्या पत्रीवर, आणि शेवटी सेलच्याच दोन टोकांवर. परवा टेबलावर असाच एक होल्डर आला. १ अँपिअर चालू असताना पिनांवर ४.१०, क्लिपांवर ४.०७, पत्रीवर ४.०४, आणि सेलवर ३.८६. पत्री ते सेल एवढ्या बोटभर अंतरात ०.१८ व्होल्ट गायब. स्प्रिंगला बोट लावलं तर कोमट लागली. रिव्हेट हाताने हलत होता.

असं झालं की चार्जरला वाटतं सेल मर्यादेला पोचला, आणि तो वेळेआधीच करंट कमी करायला लागतो. सेल बिचारा अजून ३.८६ वर. करंट कमी होत जाईल तशी मधली घटही कमी होते, म्हणजे पुरेसा वेळ दिला तर सेल भरतो. पण तुमचा टायमर तेवढा वेळ देत नाही. म्हणून तुमच्याकडे १,८७० आणि ३.९२ हे आकडे येतात. करंट वाढवून काम लवकर होईल असं वाटतं, ते उलटं आहे. २ अँपिअरला त्या सांध्यावरची उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते, तापलेली स्प्रिंग आपला ताण सोडते आणि संपर्क आणखी ढिला पडतो.

उपाय साधा आहे. होल्डरची बारीक वायर काढून जाड सिलिकॉन वायर लावा, आणि ती रिव्हेटवर भरवसा न ठेवता सरळ स्प्रिंगच्या किंवा पत्रीच्या मुळाशी सोल्डरचा डाग द्या. डाग देताना होल्डरमध्ये सेल नको. सेलच्या टोकावर तर कधीच सोल्डरिंग करू नका, आतलं सील आणि धन-ऋण वेगळं ठेवणारा पडदा उष्णतेने खराब होतो. त्या होल्डरचं एवढं केल्यावर पिनांवर ४.१० असताना सेलवर ४.०६ आले. ‘कनेक्शन ब्रेक’ही बहुधा याच ढिल्या सांध्याचा आहे. एक शक्यता तपासून घ्या : तुमचा सेल ६५ मिलिमीटरऐवजी ६८-७० मिलिमीटर लांब असेल तर त्याच्या बुडाशी संरक्षणाची चकती आहे. सेल फार उतरला की ती चकती तार तोडल्यासारखी बंद होते, मीटरवर शून्याच्या आसपास दिसतं, आणि चार्जरला वाटतं समोर कुणीच नाही. तिला चार्जिंगचं व्होल्टेज मिळालं की ती बहुधा पुन्हा सुरू होते.

प्रश्न : फवारणी पंपाची जुनी लेड बॅटरी काढून लिथियम बॅटरी टाकली. लेबलवर १२.८ व्होल्ट, ६ एएच लिहिलं आहे. बॅलन्सची पाच तारांची पिनही बाहेर काढून दिली आहे. पंपाच्या जुन्या चार्जरवर लावू नका म्हणून सांगितलं, म्हणून मुलाचा प्रोग्रामेबल चार्जर घेतला. १२ व्होल्टची म्हणून लायपो, तीन सेल लावलं. पडद्यावर ‘आर’ पुढे ४ आणि ‘एस’ पुढे ३ येतं आणि चार्जिंग सुरूच होऊन नाही राहिलं. पुढे काय करावं? — कळमेश्वर

भाऊ, चार्जरने तुम्हाला वाचवलं. ‘एस’ म्हणजे तुम्ही सांगितलेले सेल, ‘आर’ म्हणजे त्याला तारांवर सापडलेले सेल. दोन्ही जुळल्याशिवाय एंटर दाबायचं नाही, आणि कृपा करून लायपो तसंच ठेवून आकडा ४ करू नका. तो या गोष्टीतला सगळ्यात धोक्याचा रस्ता आहे.

लेबलवरचे १२.८ बघा. त्याला ४ ने भागा, ३.२ येतात. ३.२ व्होल्टचा सेल म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. टॉर्च आणि लॅपटॉपमधल्या सेलची जात निराळी, ती ३.६ किंवा ३.७ ची. फॉस्फेटच्या सेलची वरची मर्यादा ३.६५, आणि चार्जरचा लायफे मोड ३.६ वर थांबतो. तुम्ही लायपो चार लावलं असतं तर तो १६.८ व्होल्टपर्यंत चढवायला निघाला असता, आणि तुमच्या पॅकची हद्द १४.६ आहे. मध्ये बीएमएसची (पॅकचं रक्षण करणाऱ्या सर्किटची) पट्टी असेल तर ती पुरवठा तोडेल, पण बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. रोजच्या कामाला त्याला उभं करायचं नसतं.

तुम्ही लायफे, चार सेल, बॅलन्स मोड लावा. करंट पहिल्यांदा १ अँपिअरच ठेवा. नव्या जुळवलेल्या पॅकमध्ये चारही सेल सारखे भरलेले नसतात, आणि फॉस्फेटच्या सेलची खोड अशी की व्होल्टेज बराच वेळ ३.३ च्या आसपास पडून राहतं आणि अगदी शेवटी एकदम उडी मारतं. म्हणून बॅलन्सचा पडदा उघडून बघाल तेव्हा एक सेल ३.६० आणि बाकीचे ३.३८ असं दिसू शकतं. तो पुढे गेलेला सेल चार्जर आतल्या रेझिस्टरवर थोडा थोडा उतरवतो, पण त्याची ताकद साधारण पाव ते तीन दशांश अँपिअरची. ३ अँपिअर लावलात तर त्याला ते झेपत नाही. १ अँपिअरने पहिलं बॅलन्सिंग होऊ द्या. बराच वेळ लागेल, टायमर त्याप्रमाणे वाढवा. एकदा चारही सेल जुळले की पुढच्या वेळी ३ अँपिअर चालेल. १४.४ गुणिले ३ म्हणजे साधारण ४३ वॅट, आणि या चार्जरची मर्यादा बहुधा ५० वॅट असते.

ज्यांच्या पंपात ११.१ व्होल्टची, म्हणजे तीन सेलची बॅटरी बसवून दिली आहे, त्यांनी हे नीट वाचा. तिची हद्द १२.६ व्होल्ट आहे. लेड बॅटरीचा चार्जर १४ च्या पुढे जातो. पिन बसते म्हणून तो लावायचा नाही. रात्री लावून शेतातल्या कोठ्यात सोडून द्यायचा तर नाहीच नाही.

आणि एक. पंपाच्या बॅटरीच्या कप्प्यात औषध झिरपतं आणि पिनांवर पांढरी खपली धरते. ती कोरड्या ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, हातमोजे घालून. त्रिमूर्तीनगरच्या वाचकाच्या स्प्रिंगवर जे होतं तेच तुमच्या खपलीवर होतं.

प्रश्न : चार्जरला लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अॅडॉप्टर चालेल का? १२ व्होल्ट २ अँपिअरचा लावला तर मध्येच ‘इनपुट व्होल्टेज’चा संदेश देऊन बंद पडतो. — महाल

१९ चा चालणार नाही. या चार्जरचं इनपुट बहुधा ११ ते १८ व्होल्ट असतं, तुमच्या चार्जरच्या बुडावर छापलेलं बघा. २ अँपिअरचा अॅडॉप्टर पुरत नाही. त्याच्यावर ओढ आली की व्होल्टेज ११ च्या खाली दबतं आणि चार्जर थांबतो. सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांसाठी १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) मिळतो, तो घ्या. तो मिळेपर्यंत चार्जिंगचा करंट कमी ठेवा, काम चालेल.

प्रश्न : मी हिंगणा रोडवरच्या कॉलेजमध्ये शिकतो. रोबोसाठी भंगारातून लॅपटॉपची बॅटरी आणली. फोडल्यावर सहा सेल निघाले. तीन सेल ३.१ च्या आसपास आहेत, एक २.३, आणि दोन १.१ आणि ०.६. शेवटच्या तीनवर चार्जर ‘लो व्होल्टेज’ म्हणतो. मित्र म्हणतो एनआयएमएच (निकेलच्या सेलच्या) मोडवर पाच मिनिटं लावून उठव, मग लायपोवर घे. करू का? — हिंगणा रोड

बाळा, १.१ आणि ०.६ चे सेल आजच बाजूला काढ. उठवू नकोस.

कारण समजून घे. सेलच्या ऋण बाजूला तांब्याचा पातळ पत्रा असतो. सेल फार खोल उतरला की त्या तांब्याचे कण द्रावणात विरघळायला लागतात. नंतर चार्ज करताना ते जिथून निघाले तिथेच परत बसत नाहीत, भलत्या ठिकाणी साचतात, आणि आतल्या पडद्यातून धन-ऋण जोडणारा सूक्ष्म पूल तयार होऊ शकतो. असा सेल उठतो. ४.२ घेतो. दोन-चार दिवस कामही करतो. म्हणूनच तुझ्या मित्राला ही युक्ती चालते असं वाटतं. तो पूल उद्या तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत रात्री तापू शकतो. भंगारातला सेल किती महिने ०.६ वर पडून होता हे कुणालाच ठाऊक नाही.

एनआयएमएच मोडचा धोका आणखी वेगळा आहे. त्या मोडला ४.२ ची मर्यादा माहीतच नाही. निकेलचा सेल भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं, त्या उताराची तो वाट बघतो. लिथियमचा सेल तसा उतार देत नाही, व्होल्टेज चढतच जातं. पाच मिनिटांनी तुझा फोन वाजला आणि तू गॅलरीत गेलास की झालं.

२.३ च्या सेलला एक संधी देता येईल, पण अटींसह. त्याच्यावर गंज नाही, फुगवटा नाही, वेष्टन फाटलेलं नाही, गोडसर रसायनाचा वास नाही, हे बघ. चार्जर नकार देत असेल तर बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट आपण ठरवतो त्या टेबलावरच्या पॉवर सप्लायवर) ४.२ व्होल्टची मर्यादा बांधून साधारण १०० मिलिअँपिअर दे, आणि ३.० येईपर्यंत समोरून हलू नकोस. जागा फरशीवर, आसपास गादी-कागद नको. हाताला गरम लागला तर सोडून दे. ३.० आले की चार्जरवर अर्ध्या अँपिअरने पूर्ण कर. मग आठवडाभर नुसता ठेव. आठवड्याने ४.१ च्या खाली आला असेल तर तो आतून गळतो आहे, वापरू नकोस. ३.१ चे तीन सेलही याच आठवड्याच्या परीक्षेतून काढ. नंतर एकेकाची क्षमता डिस्चार्ज मोडवर मोज आणि जवळजवळ सारखे निघतील तेच एका पॅकमध्ये घे. समांतर जोडण्याआधी सगळे एकाच व्होल्टेजला आण, नाहीतर जोडल्या क्षणी भरलेला सेल रिकाम्यात धो-धो करंट ओततो.

पुढच्या वेळी अख्खा लॅपटॉप पॅक हातात आला आणि बाहेरच्या पिनांवर शून्य दिसलं, तर लगेच मेला समजू नकोस. पुष्कळ पॅक लॅपटॉपकडून इशारा मिळाल्याशिवाय बाहेर व्होल्टेज सोडतच नाहीत. फोडताना स्क्रूड्रायव्हरचं टोक सेलकडे वळू देऊ नकोस.

प्रश्न : आमचं लग्नांच्या ड्रोन शूटिंगचं काम आहे. मे महिन्यात दिवसभर उड्डाणं होतात, बॅटऱ्या गाडीतच चार्ज करतो. यंदा दोन लायपो पॅक फुगले. चार्जरमुळे का? — मनीषनगर

तुम्ही चार्जरचं कोणतं मॉडेल ते लिहिलंत, खोलीचं आणि गाडीचं तापमान लिहिलं नाहीत, आणि इथे कळीची गोष्ट तीच आहे. बहुतेक लिथियम सेलना चार्जिंगसाठी ० ते ४५ अंशांची हद्द दिलेली असते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या घरात असतो. उन्हात उभ्या गाडीत काय होत असेल ते दार उघडताना तुम्हाला रोज कळतं. त्यात पॅक नुकताच उडून आलेला, आतून तापलेला. चार्जरला यातलं काहीच माहीत नसतं. तापमानाची तार बसवायला बाजूला जागा असते, पण ती तार पुष्कळदा वेगळी विकत घ्यावी लागते. ती घ्या, पॅकला चिकटवा आणि सेटिंगमध्ये मर्यादा लावा. हा खर्च एका पॅकपुढे काहीच नाही.

उड्डाणानंतर पॅक हाताला थंड लागेपर्यंत थांबा. मांडवामागे, सावलीत, पंख्याखाली, फरशीवर चार्जिंगची जागा करा. कूलरच्या थेट झोतात नको, ती ओली हवा कनेक्टरवर बसते. जमेल तेवढं चार्जिंग पहाटे उरका. पण आदल्या रात्री सगळे पॅक ४.२ पर्यंत भरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. भरलेला पॅक गरम जागेत पडून राहणं हेही फुगण्याचं मोठं कारण आहे. कार्यक्रम पुढे गेला किंवा दोन दिवस काम नसलं तर स्टोरेज मोडला लावा, तो सेलमागे ३.८५ च्या आसपास आणून ठेवतो.

फुगलेले दोन पॅक पुन्हा चार्जरला लावायचे नाहीत, टाचणीने ‘हवा काढायची’ नाही, आणि कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच टाकायचे नाहीत, तिथे दाबले गेले की पेटतात. कनेक्टरवर आणि बॅलन्सच्या पिनेवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, घराबाहेर सावलीत ठेवा आणि नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ज्या दुकानातून घेतल्या तिथेही विचारा. तुम्ही मनीषनगरला आहात, बर्डीला येणं झालं तर उरलेले पॅक घेऊन या, प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध मोजून देईन. फुगलेले दोन मात्र गाडीत घालून आणू नका.